लघवीची नळी, बायोफिल्म आणि पुन्हा पुन्हा होणारे इन्फेक्शन

खुब्याचे ऑपरेशन झालेले वडील किंवा पॅरालिसिसने अंथरुणाला खिळलेली आई घरी येते, तेव्हा बरेचदा लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, सोबत येते. काही दिवसांनी पिशवीतली लघवी गढूळ दिसू लागते. तपासणीला दिली की रिपोर्टमध्ये ई. कोलाय, क्लेबसिएला किंवा स्यूडोमोनास असे नाव आणि त्याखाली अँटिबायोटिक्सची लांब यादी असते. बहुतेक औषधांपुढे ‘आर’, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. उरलेल्या एक-दोन महागड्या इंजेक्शनांचा कोर्स होतो, लघवी स्वच्छ दिसते आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तोच रिपोर्ट. मग नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, एवढी भारी औषधं देऊनही जंतू मरत का नाहीत?"

याचे उत्तर बरेचदा रुग्णाच्या शरीरात नसते, त्या नळीत असते.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांना ही गोष्ट लवकर समजते. ठिबकच्या नळ्यांमध्ये काही महिन्यांत आतून बुळबुळीत थर धरतो आणि ड्रीपर बंद पडतात. नुसते पाणी सोडून तो थर निघत नाही. क्लोरीन सोडावे लागते, नळीचे टोक उघडून फ्लश करावे लागते. तो थर बऱ्याच अंशी जिवाणूंचाच असतो. गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्यांवरून पाय घसरतो, तिथेही शेवाळाबरोबर असाच थर असतो. यालाच बायोफिल्म म्हणतात.

जिवाणूंना मोकळे पोहत राहण्यापेक्षा एखाद्या पृष्ठभागाला चिकटून राहणे आवडते. प्लास्टिक किंवा रबराची नळी शरीरात गेली की काही तासांत ते तिला चिकटू लागतात आणि स्वतःभोवती चिकट पदार्थाचे आवरण तयार करतात. या थरात औषध नीट पोहोचत नाही, पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. थराच्या तळाशी असलेले जिवाणू जवळजवळ झोपलेले असतात. बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या, दुभंगणाऱ्या जिवाणूवर घाव घालतात. जो वाढतच नाही, त्याला ती फारसे काही करू शकत नाहीत. बायोफिल्ममधला जिवाणू मारायला मोकळ्या जिवाणूच्या शेकडो, कधी हजार पट औषध लागू शकते. तेवढा डोस माणसाला देता येत नाही.

म्हणून रिपोर्टमध्ये एखाद्या औषधापुढे ‘एस’ असूनही, म्हणजे ते लागू पडेल असे लिहिलेले असूनही, इन्फेक्शन परत येऊ शकते. लॅबमध्ये औषधाची चाचणी मोकळ्या जिवाणूंवर होते, थरातल्या जिवाणूंवर नाही. रक्तातले आणि लघवीतले जंतू औषधाने मरतात, रुग्णाचा ताप उतरतो, पण थर तसाच राहतो. औषध थांबले की त्यातून पुन्हा जंतू सुटतात.

आता यात रेझिस्टन्सची भर पडते. प्रत्येक कोर्समध्ये कमजोर जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. शिवाय थरात खेटून राहणारे जिवाणू एकमेकांना रेझिस्टन्सचे जनुक देऊ शकतात, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलासुद्धा. ‘एनडीएम-१’ हे असेच एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारे जनुक. ते पहिल्यांदा ओळखले गेले, ते भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या २००८ मधल्या लघवीच्या नमुन्यात, क्लेबसिएला जंतूत. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळातले, कार्बापेनेम गटाच्या औषधांना न जुमानणारे २४ जंतू तपासले. त्यांतल्या २२ मध्ये हे जनुक सापडले. कार्बापेनेम म्हणजे मेरोपेनेमसारखी इंजेक्शने, जी आपण शेवटी राखून ठेवतो. हा अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा नावात दिल्ली का, यावरच जास्त वाद झाला.

मग करायचे काय? कॅथेटर असलेल्या रुग्णाच्या लघवीत जंतू सापडणे हा आजार नव्हे. नळी असेपर्यंत दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू येतात, आणि महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ सगळ्यांच्याच. नुसती लघवी गढूळ आहे किंवा वास येतो म्हणून अँटिबायोटिक लागत नाही. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाचे ऑपरेशन होणार असलेले रुग्ण यांची गोष्ट वेगळी. ताप, थंडी वाजणे, कंबरेच्या वर बाजूला दुखणे, बीपी उतरणे किंवा रुग्ण अचानक सुस्त होणे, असंबद्ध बोलणे, असे काही झाले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वयस्कर माणसाला गंभीर इन्फेक्शनमध्येही ताप येईलच असे नाही.

उपचार करायची वेळ आली आणि नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर आधी नळी काढावी किंवा बदलावी, नव्या नळीतून कल्चरचा नमुना घ्यावा आणि मग औषध सुरू करावे. पिशवीतली लघवी कल्चरला देऊ नये. त्या रिपोर्टमध्ये बरेचदा पिशवीतल्या थराचेच जंतू येतात. माझ्या मते इथेच सर्वांत जास्त औषधे वाया जातात.

आयसीयूमधल्या रुग्णाला लघवीच्या नळीबरोबर मानेतली सलाईनची लाईन आणि व्हेंटिलेटरची नळीही असते. थर सगळीकडे धरतो. तेव्हा राऊंडला आलेल्या डॉक्टरांना रोज विचारा, "ही नळी आज लागणार आहे का?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगल्या आयसीयूमध्ये डॉक्टर आणि नर्स तो स्वतःच रोज विचारतात. नातेवाईक विचारतात तेव्हा अँटिबायोटिक बदलायचे का, हेच विचारतात. नळीचे कोणी विचारत नाही. रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि नंतर हात धुवा, आणि इतरांनाही तसे सांगायला लाजू नका.

घरी पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर टांगा, पण जमिनीला टेकू देऊ नका. नळी आणि पिशवी यांचा जोड सारखा उघडू नका. मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तीच गोळी आणू नका. पाकिटावर लाल चौकटीत सूचना असलेली औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई आहे, आणि दुकानदाराला १ मार्च २०१४ पासून त्यांची वेगळी नोंदही ठेवावी लागते.

आणि हे सगळे वाचून नळी स्वतः ओढून काढू नका. आत पाण्याने भरलेला फुगा असतो, तो रिकामा न करता नळी ओढली तर मूत्रमार्ग फाटून रक्तस्राव होतो.