टेप ‘झाली’ असं कधी म्हणायचं?

दिवसभर तुम्ही बँकेत जे व्यवहार करता, त्यांचा खरा हिशेब रात्री लागतो. व्याज चढवणं, हप्ते वळते करणं, दुसऱ्या बँकांशी ताळा जमवणं, सगळं रात्रीच. या कामांच्या माळेला बॅच म्हणतात. मोठ्या मेनफ्रेमवर चालणारी बॅच एकेक टप्पा संपला की त्याचा निकाल टेपवर लिहिते आणि पुढच्या टप्प्याला सांगते, ‘झालं, आता तू सुरू कर.’

हा लेख त्या ‘झालं’बद्दल आहे. लिहून झालं असं यंत्राने नेमकं कधी म्हणायचं? समोरच्या पेटीत माहिती उतरली की? तिची दुसरी प्रत दुसऱ्या गावात पोचली की? की आत्ता ‘झालं’ म्हणून टाकायचं आणि प्रत नंतर सवडीने करायची? प्रश्न साधा वाटतो, पण आग लागली किंवा पाणी शिरलं तर तुमच्या खात्यातलं काय उरेल आणि काय जाईल, ते या उत्तरावर ठरतं. या उत्तराला कॉपी पॉलिसी म्हणतात. माझ्या पीएचडीचा बराचसा वेळ याच विषयात जातो.

आधी तुमच्या मनातल्या शंकेचं बघू. टेप अजून वापरतात? वापरतात. आयबीएमने ७२६ हा टेप ड्राइव्ह १९५२ मध्ये आणला, आणि त्यानंतरच्या काही दशकांत लिहिलेले प्रोग्रॅम आजही चालू आहेत. त्यांना अजून वाटतं की आपण टेपवरच लिहितोय. ते बदलायला जाणं म्हणजे चालू मोटारीचं चाक बदलणं, त्यामुळे कुणी हात लावत नाही. मग उपाय काय निघाला? प्रोग्रॅम बदलायचा नाही, त्याला फसवायचं. मेनफ्रेमला शेकडो टेप ड्राइव्ह जोडलेले दिसतात, प्रत्यक्षात मागे डिस्कने भरलेली एक पेटी असते. प्रोग्रॅम म्हणतो ‘टेप लाव’, पेटी लगेच म्हणते ‘लावली’. ही व्हर्च्युअल टेप. आयबीएमने ती १९९७ मध्ये बाजारात आणली. कारण तेव्हा अगदी घरगुती होतं: काडतुसं मोठी होत चालली होती आणि प्रोग्रॅम त्यात चमचाभर माहिती लिहून नवीन काडतूस मागत होते. आज तिचा वंशज टीएस ७७०० या नावाने चालतो. इतर कंपन्यांचीही अशी यंत्रं आहेत, पण कॉपी पॉलिसीची रचना याच्यात सगळ्यात उघड दिसते, म्हणून मी हेच उदाहरण घेते.

अशा पेट्या एकट्या ठेवत नाहीत. वेगवेगळ्या गावी ठेवून त्या नेटवर्कने जोडतात. प्रत्येक पेटीला क्लस्टर म्हणतात आणि सगळ्या मिळून ग्रिड होतो.

मी करंजाडेत राहते, तेव्हा ग्रिडही इथलाच कल्पू. पनवेलजवळ २०२० मध्ये योट्टाचं एनएम-१ हे अवाढव्य डेटा सेंटर सुरू झालं. ऐरोली-महापे पट्ट्यात तर डेटा सेंटरांची रांगच आहे. समजा, एका बँकेची पहिली पेटी पनवेलला आहे, दुसरी ऐरोलीला आणि तिसरी हैदराबादला. (बँक काल्पनिक. कुठल्या खऱ्या बँकेची पेटी कुठे आहे, हा ब्लॉगवर लिहायचा विषय नाही.)

आता पनवेलला एक टेप लिहिली गेली. बाकीच्या दोन पेट्यांसाठी तुमच्याकडे पाच अक्षरं आहेत. एस म्हणजे सिंक्रोनस: माहिती एकाच वेळी दोन पेट्यांत उतरत जाते आणि ठरावीक टप्प्यांवर दोन्हीकडे ती पक्की झाल्याशिवाय प्रोग्रॅम पुढे सरकत नाही. आर म्हणजे टेप लिहून गुंडाळताना प्रत करायची आणि ती पुरी होईपर्यंत प्रोग्रॅमला दारात उभं ठेवायचं. डी म्हणजे प्रत करायची, पण मागाहून. टी म्हणजे इतके तास थांबून मग करायची. आणि एन म्हणजे प्रत नकोच.

सगळीकडे एस का लावत नाही, असं वाटेल. एक तर टीएस ७७०० मध्ये एस दोनच ठिकाणी लावता येतो. पण खरी अडचण अंतराची आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पनवेल ते ऐरोली तीस किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन ०.३ मिलिसेकंद लागतात. हे कुणाला जाणवणार नाही. हैदराबाद सातशे किलोमीटर धरा, जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद झाले, आणि तार काही सरळ रेषेत जात नाही. एका रात्रीत असे दहा लाख थांबे आले तर ७ मिलिसेकंदांचे ७,००० सेकंद होतात, म्हणजे जवळजवळ दोन तास. सकाळी शाखा उघडायच्या आत बॅच संपायला हवी, आणि तुम्ही तिचे दोन तास नुसते वाट बघण्यात घालवले. (थांबे समांतर चालले तर कमी लागतील, हे खरं. पण हिशेबाची दिशा तीच राहते.)

म्हणून अशा बँकेत महत्त्वाच्या माहितीला साधारण ‘एस, एस, डी’ अशी मांडणी करतात. पनवेल आणि ऐरोली जोडीने, हैदराबाद मागाहून. दिसायला छान. पण २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि इकडे रायगडपर्यंत हाहाकार उडाला. गाढीच्या काठी राहणाऱ्या आम्हा करंजाडेकरांना वेगळं सांगायला नको की पनवेल आणि ऐरोलीवर येणारा ढग एकच असतो. जवळची प्रत तुम्हाला यंत्र बिघडण्यापासून, एका इमारतीच्या आगीपासून वाचवते. त्या ढगापासून वाचवायला लांबचीच प्रत लागते, आणि ती नेमकी मागाहून होणारी. ‘मागाहून’ म्हणजे किती मागाहून, हा प्रश्न इथे उभा राहतो. त्यावर पुढे येते.

त्याआधी एक गोष्ट, जी मला या सगळ्या विषयाची गुरुकिल्ली वाटते. पॉलिसीत आपण चांगल्या दिवसाचा विचार करतो. ऐरोलीची तारच तुटली तर? पनवेलने काय करायचं? दुसरी प्रत होत नाही म्हणून थांबायचं, की एकाच प्रतीवर काम चालू ठेवायचं?

हा प्रश्न मुंबईत एकदा सगळ्या देशासमोर आला. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११.४० ला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार थांबले, ते दुपारी पावणेचारला सुरू होऊन पाचपर्यंत चालले. नंतर एक्स्चेंजने जे कारण दिलं ते असं: मुख्य केंद्र आणि जवळचं पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या तारा गडबडल्या. रस्त्यावर कुठे खोदकाम चाललं होतं. दोन केंद्रांत माहितीची प्रत सतत होत होती. तारा गेल्यावर मुख्य स्टोरेजने एकट्याने काम चालू ठेवावं अशी एक्स्चेंजची अपेक्षा होती. स्टोरेजच्या आतला नियम तसा वागला नाही आणि मुख्य स्टोरेजच हाताला लागेना. सौदे करणारी यंत्रणा धडधाकट होती, पण जोखीम मोजणारी यंत्रणा बंद, म्हणून बाजार बंद. पुढच्या महिन्यात सेबीने नियम कडक केले: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करा, त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करा, आणि माहितीचं नुकसान १५ मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका.

ती यंत्रणा व्हर्च्युअल टेपची नव्हती, डिस्कची होती. पण प्रश्न तंतोतंत तोच. दुसरी प्रत सुरक्षेसाठी ठेवली होती, आणि तिच्याकडे जाणारी वाट बंद झाल्यावर पहिलीही अडली. टीएस ७७०० मध्ये यासाठी एस बरोबर एक वेगळा पर्याय असतो. तो चालू ठेवला तर दुसरी पेटी गाठता येत नसताना पहिली एकटीच लिहित राहते आणि राहिलेल्या प्रती रांगेत लावते. बंद ठेवला तर काम अपयशी ठरतं आणि प्रोग्रॅम थांबतो. दोन्ही पर्याय बरोबर असू शकतात. पैशांच्या नोंदी असतील तर कुणी म्हणेल, एका प्रतीवर मी एक ओळही लिहिणार नाही, थांबलो तरी चालेल. रोजचा अहवाल असेल तर थांबण्यात काही अर्थ नाही. एस लावताना तासभर चर्चा करणारे लोक हा पर्याय कंपनीने जसा दिला तसाच सोडून देतात, हे मला राहून राहून नवल वाटतं.

आता रांगेकडे येऊ. डी लावलेल्या प्रती रांगेत उभ्या राहतात आणि तार मोकळी होईल तशा हैदराबादला जातात. ‘आमचं नुकसान जास्तीत जास्त १५ मिनिटांचं’ असं कागदावर लिहिलेलं असतं, पण यंत्राला ते वाक्य माहीत नसतं. त्याला फक्त रांग माहीत. पनवेल आज गेलं तर हैदराबादला काय नसेल? रांगेत जे जे उभं आहे ते. म्हणून खरं नुकसान मोजायचं तर रांगेतली सगळ्यात जुनी टेप किती वेळ ताटकळली आहे ते बघायचं. इथे सरासरी बघणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं. समजा हैदराबादची तार सेकंदाला १०० मेगाबाइट नेते आणि महिनाअखेरीच्या रात्री पनवेलला सेकंदाला १५० लिहिले जातायत. दर सेकंदाला ५० मागे पडतात. चार तासांत ७२० गिगाबाइटची रांग झाली, आणि लिहिणं पूर्ण थांबलं तरी ती ओसरायला दोन तास हवेत. एरवी २९ दिवस रांग रिकामी असते आणि अहवालात सगळं हिरवं दिसतं.

मग जास्त रुंद तार घ्यायची? घ्या, पैसे असतील तर. त्याआधी रांगेत उभं कोण आहे ते बघणं स्वस्त पडतं. बॅचच्या मधल्या टप्प्यांच्या कितीतरी टेपा दोन दिवसांत रद्दी होतात. त्यांना डी लावला की त्या खात्याच्या नोंदींसोबत एकाच रांगेत घुसतात. त्यांच्यासाठी टी हे अक्षर आहे: ७२ तास थांब, तोवर रद्द झाली नाही तरच प्रत कर. बहुतेक टेपा त्याआधीच रद्द झालेल्या असतात. रांग आपोआप हलकी होते, आणि ज्याला आठ वर्षं सांभाळायचंय (कंपनी कायद्यात हिशेबाच्या वह्यांना एवढी मुदत आहे) त्याला वाट मिळते.

एन लावताना मात्र माझा हात आखडतो. दक्षिण कोरियात, डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ ला बॅटऱ्यांमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवायचा जी-ड्राइव्ह त्यात जळाला. ८५८ टेराबाइट. बाहेर प्रत नव्हती. कारण काय, तर एवढ्या मोठ्या साठ्याची प्रत ठेवणं परवडण्याजोगं नाही असं ठरलं होतं. म्हणजे कुणीतरी विचार करूनच एन लावला होता. आपल्याकडे २१ जून २०१२ ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, माणसं गेली आणि फाइलींचे ढीगही गेले. कागदी फाइलीला एन लावावा लागत नाही, तो जन्मतःच असतो. माझं मत असं की एन लावायचाच असेल तर कुणाच्या सहीने लावला ते लिहून ठेवावं. ‘हे गेलं तरी चालेल’ असं सहीनिशी लिहायची वेळ आली की अर्ध्या एनचे डी होतात.

आता पाय घसरण्याची जागा. ही अक्षरं टेपेवर थेट लिहीत नाहीत. मेनफ्रेम फाइलीच्या नावावरून तिला एक वर्ग देते, मॅनेजमेंट क्लास, आणि त्या वर्गाची अक्षरं पेटीत आधीच भरलेली असतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, हा तक्ता प्रत्येक पेटीचा वेगळा असतो. टेप पनवेलहून लिहिली तर पनवेलचा तक्ता लागू, ऐरोलीहून लिहिली तर ऐरोलीचा. पनवेल देखभालीसाठी बंद असलेल्या रात्री सगळं ऐरोलीहून चालतं, आणि तिथला तक्ता कुणी शेवटचा कधी पाहिला होता? दुसरी जास्त वाईट. मेनफ्रेमने पाठवलेलं वर्गाचं नाव पेटीला माहीत नसेल, एखादं अक्षर चुकलं असेल, तर ती तक्रार करत नाही. त्या चुकलेल्या नावाचा नवीन वर्ग स्वतःच तयार करते आणि त्याला मूळची, न बदललेली पॉलिसी लावते. काम ‘झालं’ म्हणून पुढे जातं. म्हणून वर्गांची यादी अधूनमधून काढावी आणि आपण कधीच न ठेवलेली नावं त्यात शोधावीत.

शेवटचा मुद्दा पाचही अक्षरांच्या बाहेरचा आहे. प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. पनवेलला चुकीची माहिती लिहिली तर ती ऐरोलीला तितक्याच इमानदारीने चुकीची उतरते, एस असेल तर त्याच क्षणी. २७ फेब्रुवारी २०११ ला जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के लोकांच्या पेट्या अचानक रिकाम्या दिसू लागल्या. गूगलकडे वेगवेगळ्या डेटा सेंटरांत अनेक प्रती होत्या. पण स्टोरेजच्या सॉफ्टवेअरमधल्या एका दोषाने त्यातल्या अनेकांवर एकदमच घाला घातला. पत्रं परत आणली ती टेपवरून, खऱ्या टेपवरून. ती काडतुसं कुठल्याही तारेला जोडलेली नव्हती, त्यामुळे दोष तिथवर पोचलाच नाही. परत आणायला वेळ लागला, पण आणता आली.

टीएस ७७०० च्या काही प्रकारांत मागे अजूनही खऱ्या टेपांचं कपाट जोडता येतं, आणि त्यातली दुसरी प्रत काडतुसांवर घेऊन ती काडतुसं यंत्रातून बाहेर काढता येतात. ती गाडीत घालून दुसऱ्या गावच्या तिजोरीत नेऊन ठेवायची, म्हणजे प्रोग्रॅमला नुसत्या भासावर समाधान मानायला लावून त्याच्या पाठीमागे आपण खरी टेप सांभाळत बसायचं.