नाक पुढे, आपण मागे

बीगल ऐकत नाही, ही तक्रार तो पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात असते. त्याच्या नाकाला रीतसर काम दिलं, की हाच कुत्रा किती मन लावून खेळतो, हे पाहण्यासारखं आहे.

पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या पायवाटेवर सकाळी आमची बीगल चिंगी गवताच्या एका झुबक्यापाशी थांबते. नाक मुळाशी टेकवते आणि दोन-दोन मिनिटं हलत नाही. मागून चालणारी माणसं पुढे निघून जातात. मी ‘चल, चिंगी’ म्हणते, पट्टा हलकेच ओढते. तिच्यापर्यंत काही पोचत नाही. घरात ‘बस’ म्हटल्याबरोबर बसणारी, हाकेसरशी धावत येणारी ही पोर टेकडीवर आल्यावर बहिरी कशी होते, हे कोडं मला पहिलं दीड वर्ष सुटलं नव्हतं. मी तिला हट्टी समजत होते. तिची जात कशासाठी घडवली गेली, हे वाचत गेले तसतसा माझा राग निवत गेला.

सशाच्या मागावर

बीगल मूळचा इंग्लंडचा. सशाची शिकार करण्यासाठी तिथे त्याची पैदास झाली आणि ही शिकार पायी व्हायची. घोडा नसल्यामुळे माणसाला कुत्र्यांमागे चालता-पळता आलं पाहिजे, म्हणून कुत्रा लहान चणीचा हवा होता. आजही बीगल खांद्याशी साधारण १३ ते १५ इंच उंच आणि ९ ते १३ किलो वजनाचा असतो. १८३० च्या दशकात एसेक्स परगण्यात फिलिप हनीवुड नावाच्या धर्मगुरूने पाळलेल्या कळपातून आजच्या बीगलचं रूप घडलं, असं मानतात.

हा कळप माळावर सोडला, की सगळी नाकं जमिनीला लागायची. एकाला सुगावा लागला, की तो मान वर करून लांबलचक सूर काढायचा. झुडपांमागे राहिलेल्या माणसांना त्या आवाजावरून दिशा कळायची आणि उंच गवतात शेपटीचं पांढरं टोक दिसत राहायचं. आपल्या सोसायट्यांमध्ये ज्या ओरडण्यावरून शेजारी कुरकुरतात आणि ज्या शेपटीचं आपण कौतुक करतो, त्या दोन्ही गोष्टी त्या माळावरच्या कामाच्या आहेत.

माग कुठे वळतो, हे त्या वेळी माणसाला ठाऊक नसायचं. ठरवायचा तो कुत्रा. ‘आता काय करू?’ म्हणून जो मागे वळून पाहत बसेल, त्याच्या हातून माग निसटणार. मेंढपाळाच्या शिट्टीवर वळणारा बॉर्डर कॉली आज्ञा पाळण्यासाठी घडला. मराठवाडा आणि कर्नाटकातला आपला कारवान दूरची हालचाल डोळ्यांनी टिपून झेपावण्यासाठी घडला. बीगल मात्र नाकाचं ऐकून स्वतः निर्णय घेण्यासाठी घडला. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी सशाची शिकार २००५ पासून कायद्याने बंद आहे. शिकार संपली तरी ते नाक आणि तो स्वभाव आपल्या दिवाणखान्यात आला आहे.

वासाचं वाचन

माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात, तर बीगलच्या नाकात सुमारे २२ कोटी. शिवाय नाकाची रचनाही वेगळी. कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूला एक फट असते. उच्छ्वास तिथून बाजूला निघून जातो, त्यामुळे समोरून येणारा नवा वास विस्कटत नाही. हुंगताना सेकंदाला पाच-सहा वेळा तो हवा आत घेतो आणि दोन्ही नाकपुड्या हवेचे वेगवेगळे नमुने घेतात. त्यातून वास डावीकडून येतो की उजवीकडून, हे त्याला कळतं. दमट हवेत वास टिकतो, कोरड्या उन्हात लवकर विरतो. पावसाची भुरभुर थांबल्यावर चिंगी टेकडीवर अधिकच रेंगाळते, ती यामुळे.

या नाकाचा उपयोग अमेरिकेने १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर सुरू केला. प्रवाशांच्या सामानात लपलेली फळं आणि मांस शोधणारं हे पथक ‘बीगल ब्रिगेड’ म्हणून ओळखलं जातं. हिरवं जाकीट घातलेला बीगल बॅगा हुंगत जातो आणि वास सापडला, की त्या बॅगेशी शांतपणे खाली बसतो. लहान चणीचा कुत्रा गर्दीतल्या माणसांना घाबरवत नाही, म्हणून ही निवड. यातले कितीतरी कुत्रे निवारागृहांतून आणलेले असतात. त्यांना सुरुवातीला शिकवल्या जाणाऱ्या मोजक्या वासांत सफरचंद, संत्र्या-लिंबाची फळं, गोमांस आणि डुकराचं मांस यांच्या जोडीला आंबाही आहे. अमेरिकेतल्या लेकीसाठी हापूस घेऊन निघालेल्या आपल्याकडच्या आईबाबांची गाठ त्यामुळे या नाकाशी पडू शकते.

मैदानातले खेळ

परदेशांत कुत्र्यांच्या खेळांचं मोठं विश्व आहे. त्यात सर्वांत डोळ्यांत भरणारा अजिलिटीचा: उड्या, बोगदा, झोके खाणारी फळी, खांबांमधून नागमोडी धाव. घोड्यांच्या अडथळा शर्यतींवरून सुचलेला हा खेळ १९७८ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात मधल्या वेळेतला कार्यक्रम म्हणून पहिल्यांदा सादर झाला. बीगल तो हौसेने खेळतात, पण मैदानावर कुणी बिस्किट सांडलं असेल, तर शर्यत तिथेच थांबते. अमेरिकेत २०१३ मध्ये सुरू झालेल्या बार्न हंटमध्ये पेंढ्याच्या गठ्ठ्यांत हवेशीर, बंद नळीत उंदीर सुरक्षित ठेवलेला असतो आणि कुत्र्याने ती नळी शोधायची असते. माग काढण्याच्या परीक्षेत एक माणूस आधी शेतातून सुमारे ४०० ते ४६० मीटर वळणं घेत चालून जातो आणि शेवटी हातमोजा टाकतो. अर्ध्या ते दोन तासांनी कुत्रा त्या वाटेने निघून मोज्यापर्यंत पोचला, की परीक्षा पास.

बीगलसाठी मला सर्वांत जवळचा वाटतो तो सेंट वर्क, म्हणजे वास शोधण्याचा खेळ. अमेरिकन केनेल क्लबने २०१७ मध्ये त्याच्या अधिकृत स्पर्धा सुरू केल्या. बर्च झाड, बडीशेपेच्या वासाचं अॅनिस, लवंग आणि सायप्रस अशा चार तेलांचे वास पायरीपायरीने शिकवले जातात. तेलाचा थेंब लावलेला कापूस डब्यांच्या रांगेत, खोलीत, आवारात किंवा मातीखाली लपवतात. कुत्र्याने ठरलेल्या वेळात तो शोधायचा. एका वेळी एकच कुत्रा मैदानात येतो, त्यामुळे इतर कुत्र्यांना बिचकणारा किंवा म्हातारा कुत्राही मोकळेपणी खेळतो.

या खेळाचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. वास कुठे लपवलाय, हे सोबतच्या माणसालाही सांगितलेलं नसतं. आपल्या कुत्र्याची शेपटी, श्वास, मान कशी बदलते, हे वाचून त्याने ‘इथे आहे’ असं जाहीर करायचं. चुकलं, तर फेरी बाद. म्हणजे पट्टा माणसाच्या हातात असला, तरी उत्तर कुत्र्याकडे असतं.

हुंगण्याचा कुत्र्याच्या मनावर काय परिणाम होतो, हे शार्लोट द्युरांतों आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासलं. काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे रोज वास शोधायला दिलं, काहींना मालकाच्या पायाशी नीट चालायला शिकवलं. आधी आणि नंतर दोन्ही गटांसमोर एक वाडगा अशा जागी ठेवला, की त्यात खाऊ असेल की नसेल, हे ओळखता येऊ नये. वास शोधणारे कुत्रे दोन आठवड्यांनंतर त्या वाडग्याकडे पूर्वीपेक्षा लवकर गेले. दुसऱ्या गटात तसा बदल दिसला नाही. अनिश्चित गोष्टीकडेही आशेने पाहण्याची वृत्ती वाढली, असा याचा अर्थ अभ्यासकांनी लावला.

घरातलं मैदान

हे सगळं दोन खोल्यांच्या घरातही जमतं. मिठाईचे किंवा बुटांचे चार-पाच रिकामे खोके जमिनीवर मांडा. एकात उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा ठेवा, ‘शोध’ म्हणा आणि गप्प उभे राहा. बोट दाखवू नका, कारण बोट दाखवलं की तो आपल्याकडे पाहायला शिकतो. सापडल्यावर त्याच खोक्यात आणखी एक तुकडा टाका. बक्षीस शोधलेल्या जागी मिळालं, की खेळ पक्का होतो. आठवड्याभराने खोके खोलीभर पसरा, मग खाऊ खुर्चीखाली, पायपुसण्याच्या घडीत, दाराच्या चौकटीशी लपवा. दहा मिनिटं पुरे. त्याला आणखी खेळावंसं वाटत असतानाच थांबा. पावसाच्या दिवसांत, फिरणं बुडतं तेव्हा, जुन्या टॉवेलमध्ये खाण्याचे दाणे गुंडाळून द्या. ते सोडवण्यात तो छान रमतो.

पुढची पायरी म्हणून आम्ही भोकं पाडलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत लवंगा ठेवतो. लवंग कुत्र्याच्या पोटात जाऊ द्यायची नाही. आणि दिवसातली निदान एक फेरी तिच्या नाकाला दिलेली असते. त्या फेरीत पाच-सात मीटरची दोरी गळपट्ट्याला न बांधता छातीच्या हार्नेसला लावायची आणि ती नेईल तिकडे, तिच्या वेगाने जायचं.

काही गोष्टी जपायला हव्यात. बीगल खादाड असतो आणि पटकन वजन वाढवतो, म्हणून खेळातला खाऊ रोजच्या जेवणातूनच वजा करा. गाजर किंवा काकडीचे तुकडेही चालतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल असलेली च्युइंगगम त्याच्यासाठी विषारी आहेत. उन्हाळ्यात हाताची पालथी बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला सोसत नसेल, तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. पावसाळ्यात फेरीनंतर लोंबते कान आतून कोरडे करा आणि बोटांच्या बेचक्यांत, कानामागे गोचीड शोधा. उंच उड्या हाडं भरल्यावर, म्हणजे वर्ष-दीड वर्षानंतरच. आणि टेकडीवर, रस्त्याकाठी, कितीही विश्वास असला, तरी दोरी सोडू नका. मोर किंवा ससा दिसला, तर बीगलच्या पूर्वजांनी शिकवलेलं काम त्याला आपल्या हाकेपेक्षा जवळचं वाटेल. टेकडीवरच्या त्या जिवांनाही आपण जपायला हवं.

गेल्या महिन्यात लेकीने लवंगांची डबी लपवली. कुठे, ते मलाही सांगितलं नाही. चिंगी खोलीत आली आणि थेट खिडकीखालच्या भिंतीशी जाऊन हुंगू लागली. तिथे लपवण्यासारखं काहीच नव्हतं. मी तिला दोनदा हाक मारून पुस्तकांच्या कपाटाकडे वळवलं. दोन्ही वेळा ती परत भिंतीशी गेली. मग माझं लक्ष वर गेलं. पंखा फिरत होता. डबीतला वास त्या हवेबरोबर समोरच्या भिंतीवर जाऊन साठला होता आणि चिंगी तोच वाचत होती. मी बोलायचं थांबले. ती भिंतीच्या कडेकडेने सरकली, कोपऱ्यावर वळली, शेपटीचा वेग वाढला आणि शेवटी ती कपाटामागच्या फटीशी येऊन खाली बसली. डबी तिथेच होती.

कपाट मी बरोबर ओळखलं होतं, पण तो माझा अंदाज होता. तिला मात्र वाट ठाऊक होती. आता टेकडीवर ती गवताच्या झुबक्याशी थांबली, की मी पट्टा सैल सोडते आणि तिचं वाचून होईपर्यंत थांबते.