पूर्वजांच्या कथा जतन करा

इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडून आल्यावर यहोशवानें तिच्या पात्रांतून आणलेले बारा धोंडे गिलगाल येथें उभे केले. पुढें मुलांनीं त्यांचा अर्थ विचारावा व वडिलांनीं तो सांगावा, हा त्यांतील हेतु होता. धोंडे टिकतात, अर्थ मात्र सांगणाऱ्याच्या मुखींच असतो. परदेशीं गेलेल्या घराण्यांविषयींही हेंच खरें आहे. मॉरिशस बेटाचें उदाहरण आम्ही येथें घेतों.

गुलामगिरी बंद होऊं लागतांच तेथील उंसाच्या मळेवाल्यांनीं हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर नेण्यास आरंभ केला. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारें साडेचार लाख लोक पोर्ट लुई बंदरीं उतरले. त्यांत मुंबईहून जहाजावर चढलेले कोंकणांतील मराठी लोकही होते. ह्या मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्यें जतन केलेल्या आहेत. मजुराचा क्रमांक, नांव, बापाचें नांव, गांव, जहाज इत्यादि माहिती त्यांत मिळते.

तथापि कारकुनांनीं नांवें कानीं पडलीं तशीं रोमन लिपींत उतरून घेतलीं. पुष्कळदां मजुराचें स्वतःचें नांव तेंच वंशजांचें आडनांव होऊन बसलें, आणि मूळ आडनांव लुप्त झालें. शिवाय घर कां सोडलें, मागें कोण राहिलें, पहिलें वर्ष कसें कंठिलें, हें वही सांगत नाहीं. तें आजीच्या कथेंतच होतें. पुढें घरोघर क्रिओल भाषा रुळली, तेव्हां आजीचें मराठी नातवास कळेनासें झालें. गणेशोत्सव राहिला, परंतु अनेक घरांच्या कथा मात्र गेल्या.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांपैकीं कित्येकांचे पूर्वजही दुष्काळामुळें, पोटासाठीं किंवा ख्रिस्ताचें नांव घेतल्यामुळें गांव सोडून आले असतील. तेव्हां ह्या सुटींत एक वही करा. वडील माणसांस एका वेळीं एकच प्रश्न विचारा. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा. ते सुधारूं नका. सांगणाऱ्याचें नांव, तारीख व स्थळ घाला. दोघांच्या हकीकतींत फरक पडल्यास दोन्ही लिहा. जुन्या छायाचित्रांच्या पाठीमागें त्यांतील माणसांचीं नांवें हलक्या हातानें पेन्सिलीनें लिहा. गोष्ट दुःखाची असेल, तर ती लिहिण्यापूर्वीं परवानगी घ्या.

पालकांसही आमची विनंती आहे. आपल्या वाडवडिलांनीं सोसलेली गरिबी मुलांपासून लपवूं नये. तींत लाज नाहीं. जें आज सांगितलें जाणार नाहीं, तें उद्यां कोणत्याही दफ्तरांत सांपडणार नाहीं.