खारपाणपट्ट्याखाली समुद्रही नाही आणि मिठाचा डोंगरही नाही

दर्यापूर, भातकुली, बाळापूर, अकोट-तेल्हाऱ्याचा दक्षिण भाग, पुढे बुलडाण्यातलं शेगाव आणि संग्रामपूर. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा खारपाणपट्टा साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे. इथल्या बहुतेक विहिरींचं पाणी प्यायला चालत नाही आणि पिकालाही मानवत नाही. दहीहांडा भागात तर पूर्वी विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढत. 1930 साली मिठाचा कायदा मोडायची वेळ आली तेव्हा वऱ्हाडातल्या सत्याग्रहींना किनारा गाठावा लागला नाही, दहीहांड्याच्या खाऱ्या पाण्यावरच सत्याग्रह झाला.

एवढं मीठ आलं कुठून, असं विचारलं की पारावर उत्तर तयार असतं: इथं पूर्वी समुद्र होता. समुद्राची गोष्ट सगळीच खोटी नाही, म्हणूनच ती टिकून आहे. क्रिटेशस काळात नर्मदेच्या खोऱ्यात समुद्राचा एक फाटा खरोखर शिरला होता आणि मध्य प्रदेशातल्या बाघ परिसरात त्याचे जीवाश्म सापडतात. पण तो आला आणि गेला दख्खनचा लाव्हा पसरण्याआधी, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्याही पूर्वी. खारपाणपट्ट्यातला खार आहे तो लाव्हाच्या वर साचलेल्या नदीच्या गाळात, आणि हा गाळ भूशास्त्राच्या हिशेबात अगदी अलीकडचा आहे. लाव्हा थिजून झालेल्या काळ्या पाषाणाखाली गाडल्या गेलेल्या समुद्रानं पाषाणावरचा गाळ खारट केला, हे काही पटत नाही.

दुसरा समज मिठाच्या डोंगराचा. जगात असे डोंगर आहेत. इराणच्या झाग्रोस पर्वतात खोलवरचं मीठ खडक फोडून वर येतं आणि हिमनदीसारखं उतारावरून सरकतं. पाकिस्तानातली खेवड्याची खाण, आपल्या हिमाचलात मंडीजवळच्या गुम्मा आणि द्रंगच्या खाणी हीदेखील अशाच पुरातन मिठाची ठिकाणं. मिठाचा थर हजारो मीटर गाळाखाली दबला की तो घट्ट काकवीसारखा वागतो. वरचा गाळ दाबानं जड होत जातो, मिठाची घनता मात्र जवळपास तेवढीच राहते. मग हलकं मीठ वाट सापडेल तिथून वर घुसतं. पर्वत घडताना हाच थर वंगणाचं काम करतो. वरचे खडक त्यावरून घसरत जातात आणि त्यांना घड्या पडतात. पाकिस्तानी पंजाबातली मिठाची डोंगररांग अशीच पुढे सरकलेली आहे.

वऱ्हाडात यातलं काही नाही. पूर्णेच्या गाळाखाली लागतो तो बेसाल्ट, म्हणजे तोच काळा पाषाण. मिठाचा थर नाही, घुमट नाही. इथला खार पाण्यात विरघळलेला आहे आणि मातीच्या कणांना चिकटलेला आहे.

तरीही डोंगराचा आणि या खाराचा संबंध आहे, आणि मला तो इराणच्या देखाव्याहून मोलाचा वाटतो. अकोट किंवा परतवाड्याहून उत्तरेकडे पाहिलं की सातपुडा भिंतीसारखा एकदम उठलेला दिसतो. त्याच्या पायथ्याशी गाविलगड भ्रंश आहे, म्हणजे जमिनीतली प्रचंड लांब भेग. तिच्या उत्तरेची बाजू उचलली गेली, दक्षिणेची खचली. चिखलदऱ्याला हजार मीटरहून उंच जागी पायाखाली जो काळा पाषाण येतो, तोच पूर्णेच्या काठी गाळाखाली दडलेला आहे, काही ठिकाणी 300 मीटरहून खोल. मोर्शी तालुक्यात सालबर्डीला तर लाव्हाच्याही आधीचे खडक उघडे पडलेत. हिमालयासारखी दोन खंडांची टक्कर होऊन सातपुडा घडला नाही. जुन्या भेगांवर जमिनीचे ठोकळे वरखाली होऊन तो घडला.

ही भेग किती जुनी? अनुपम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच भेगेच्या गाविलगड-तान पट्ट्यातल्या खडकांवर 2008 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. तिथे त्यांना स्यूडोटॅकिलाइट सापडला. भूकंपात खडकावर खडक इतक्या वेगानं घासतो की मधला भाग वितळतो आणि लगेच थिजतो, तेव्हा हा काळा, काचेसारखा दगड तयार होतो. ही भेग एकदा नव्हे, वेगवेगळ्या काळात पुन्हा पुन्हा सरकली, असं त्या खडकांवरून दिसतं. तेव्हा आपला डोंगर म्हातारा झाला, आता तो हलायचा नाही, हाही गैरसमजच. भारताचा भूपट्टा उत्तरेला सरकतो, हिमालयाशी अडतो आणि तो ताण मध्य भारतातल्या अशा भेगांवर येतो. या भेगा ज्यात येतात त्या नर्मदा-सोन-तापी पट्ट्यातच 22 मे 1997 ला जबलपूरचा भूकंप झाला. 2018 च्या पावसाळ्यात मेळघाटातल्या सादराबाडी परिसरात दिवसेंदिवस छोटे धक्के बसत राहिले.

आता खाराकडे. खचलेल्या भागात सातपुड्याच्या नद्यांनी गाळ भरला. मोठे गोटे आणि भरड वाळू पायथ्याशी राहिली, बारीक चिकण माती मध्यभागी आली. बेसाल्ट झिजतो तेव्हा सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतं. पावसाच्या थेंबातूनही समुद्रावरचं थोडं क्लोराइड येतं, समुद्राचा वाटा असलाच तर तो एवढाच. उतार नावापुरता, माती पाणी सोडत नाही आणि उन्हाळा वऱ्हाडचा. पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले, आणि हे हजारो वर्षं चाललं. लोणारचंही असंच. ते सरोवर उल्केच्या आघातानं बेसाल्टमध्येच झालं. तिथे ना समुद्र, ना मिठाचा थर. तरी पाण्याला बाहेर जायला वाट नाही म्हणून ते खारं आहे.

नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोतल्या डी. के. पाल आणि सहकाऱ्यांनी पूर्णा खोऱ्यातल्या मातीवर केलेलं काम प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोचायला हवं होतं. माती कोरडी पडत गेली की कॅल्शियम चुनखडीच्या रूपात बसतं आणि सोडियमचा जोर वाढतो, हे त्यांनी दाखवलं. सोडियमनं चिकण माती फुगते, तिची छिद्रं बुजतात. वर पांढरा थर दिसत नाही म्हणून जमीन चांगली, असं समजणं म्हणूनच फसवं आहे, कारण बिघाड खालच्या थरात असतो. अमरावतीच्या पेढी नदीच्या पाणलोटात वैद्य आणि पाल यांना आणखी एक गोष्ट आढळली आणि 2002 मध्ये त्यांनी ती मांडली. खार सखल जागी साचतो असं आपण धरून चालतो. तिथे मात्र किंचित उंचवट्यावरची जमीन जास्त बिघडलेली निघाली, कारण पावसाचं पाणी तिथून वाहून जातं आणि आत कमी मुरतं.

खोल बोअर मारली की गोडं पाणी लागतं, हा समज खिशाला सर्वांत महाग पडतो. पट्ट्याच्या मध्यभागी खोलीबरोबर खार कमी होईलच असं नाही, अनेकदा तो वाढतोच. गोडं पाणी आहे ते सातपुड्याच्या पायथ्याच्या गोट्या-वाळूच्या थरात. अंजनगाव सुर्जीचे पानमळे आणि पानपिंपरी तिथल्याच पाण्यावर वाढली, आणि तो साठाही उपशानं खोल चालला आहे.

नुसता जिप्सम टाकूनही भागत नाही. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला मातीपासून सुटं करतं, पण सुटलेलं सोडियम वाहून न्यायला गोडं पाणी आणि निचऱ्याची चर लागते. म्हणून खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्यांना विनंती आहे. खारं पाणी शेताला देऊ नका, पावसाचं पाणी शेततळ्यात अडवा. इथली माती पाणी मुरू देत नाही, हा तिचा दोष शेततळ्यात तुमच्या कामी येतो. आणि माती तपासायला नेताना वरचीच ढेकळं नेऊ नका, दोन-तीन फुटांखालचा नमुना वेगळा भरून न्या.