कानावरचा भार : परवडणाऱ्या हेडफोनच्या सहा दशकांचा मागोवा

मर्यादित पैशांत मिळणाऱ्या हेडफोनची परीक्षा करताना आवाज आणि आराम असे दोन वेगळे रकाने आखण्याची पद्धत रूढ आहे; परंतु 1968 पासूनच्या सुमारे सहा दशकांचा इतिहास पाहिला तर हे दोन्ही गुण एकाच रचनेतून निर्माण होतात, आणि स्वस्त हेडफोनची प्रत ज्या टप्प्यांवर खऱ्या अर्थाने उंचावली त्यांतील बहुतेक टप्प्यांवर कानावरच्या वजनाचा व दाबाचा नव्याने विचार झालेला होता, असे दिसून येते. याचे कारण भौतिक आहे. बंद रचनेच्या हेडफोनमध्ये खर्जाचे स्वर नीट ऐकू यायचे असतील तर कानाभोवतीची गादी त्वचेला सर्व बाजूंनी टेकावी लागते; चष्म्याच्या काडीमुळे किंवा सैल पट्टीमुळे तिथे बारीक फट राहिली तरी खर्ज त्या फटीतून निसटतो आणि उरलेला आवाज पोकळ व कर्कश वाटू लागतो. म्हणजे जो हेडफोन डोक्यावर नीट बसत नाही तो नीट वाजतही नाही, मग त्याच्या खोक्यावर काहीही छापलेले असो.

या काळापूर्वीच्या इतिहासात आरामाला फारसे स्थान नव्हते. अमेरिकेतील युटाहचे नॅथॅनियल बाल्डविन यांनी 1910 मध्ये अमेरिकी नौदलाला पुरवलेले हेडफोन संदेश ऐकण्यासाठी होते, संगीतासाठी नव्हे. 1937 मध्ये बर्लिनच्या बायर कंपनीने ‘डीटी 48’ हा डायनॅमिक पद्धतीचा हेडफोन बाजारात आणला. या पद्धतीत पातळ पडद्याला चिकटवलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलेले असते, आणि त्या वेटोळ्यातून संगीताचा विद्युत्प्रवाह वाहू लागला की पडदा त्याबरहुकूम पुढे-मागे हलून हवेत लहरी उठवतो. आजही बहुसंख्य हेडफोन याच तत्त्वावर चालतात. पुढे 1958 मध्ये मिलवॉकी येथील जॉन कॉस यांनी दोन कानांना दोन स्वतंत्र ध्वनी देणारा स्टीरिओ हेडफोन घरगुती श्रोत्यांसाठी तयार केला आणि हेडफोनचा संबंध प्रथमच ठळकपणे संगीताशी जोडला गेला. मात्र या साऱ्या पिढीची ठेवण जड, बंद आणि घट्ट होती. बाहेरचा आवाज आत येऊ नये आणि आतला बाहेर जाऊ नये, हेच उत्तम हेडफोनचे लक्षण मानले जात असे.

ही समजूत मोडण्याचे श्रेय जर्मनीतील हॅनोव्हरजवळच्या झेनहायझर कंपनीने 1968 मध्ये आणलेल्या ‘एचडी 414’ या हेडफोनला द्यावे लागते. त्याच्या कप्प्यांची बाहेरची बाजू मुद्दाम मोकळी ठेवलेली होती आणि कानाला टेकणाऱ्या गाद्या सच्छिद्र, पिवळ्याधमक फोमच्या होत्या, ज्यांतून हवा आणि आवाज दोन्ही आरपार जात. बंद कप्प्यात पडद्यामागची हवा कोंडली जाते, तिथे लहरी भिंतींवर आपटून परततात आणि मूळ ध्वनीत मिसळून तो गढूळ करतात. मोकळ्या रचनेत हा कोंडमारा बराच टळतो, त्यामुळे वाद्ये डोक्याच्या आत न वाजता थोडी बाहेर, अवकाशात वाजत असल्याचा भास होतो. पण या रचनेचा दुसरा परिणाम तितकाच मोलाचा होता. कानाला हवाबंद करण्याची गरजच उरली नाही म्हटल्यावर घट्ट दाबाची गरज कमी झाली, दाब कमी झाला म्हणून सांगाडा हलका करता आला, आणि सांगाडा साध्या प्लॅस्टिकचा झाल्यामुळे तो मोठ्या संख्येने व माफक किमतीत बनवता आला. या हेडफोनचे एक कोटीहून अधिक नग विकले गेले असे कंपनी सांगते. त्याचे भाग सुटे करता येत आणि झिजलेला फोम बदलता येई, ही गोष्ट तेव्हा कुणाला विशेष वाटली नसेल. पुढील दशकांचा अनुभव पाहता ती फार विशेष होती.

दुसरा मोठा टप्पा 1 जुलै 1979 रोजी जपानमध्ये विक्रीस आलेल्या सोनीच्या वॉकमनचा. या उपकरणाची कीर्ती त्यातील कॅसेट यंत्रामुळे झाली असली तरी त्याचा खरा आधार सोबत दिलेला हेडफोन होता, कारण तत्कालीन सर्वसाधारण हेडफोन 300 ते 400 ग्रॅम वजनाचे असताना सोनीच्या अभियंत्यांनी तो 50 ग्रॅमच्या आसपास आणून ठेवला होता. एवढे हलके साधन रस्त्याने चालताना, आगगाडीत बसून किंवा घरकाम करताना डोक्यावर असल्याचे जाणवत नसे. त्याचा खर्ज तोकडा होता, हे मान्य करावे लागते. तरीही संगीत ऐकण्यासाठी एका जागी बसून राहण्याची सक्ती त्याने संपवली, आणि साडेतीन मिलिमीटरचा लहान जॅक त्याच्याबरोबरच जगभर रुळला.

महाराष्ट्रात ही वस्तू प्रथम दुकानातून आली नाही. 1991 च्या आर्थिक उदारीकरणापूर्वी परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर भारी आयातशुल्क होते, त्यामुळे आखातात नोकरीला असलेल्या नातेवाइकांच्या सामानातून किंवा मुंबईतील मुसाफिरखाना आणि हाजी अलीजवळचे हिरापन्ना अशा बाजारांतून वॉकमन व हेडफोन घरोघरी पोहोचले. ज्यांना ते परवडत नसे त्यांच्यासाठी लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे भाग आणि नामसाधर्म्य असलेले स्वस्त नग मिळत. या परिस्थितीचा ग्राहकाच्या मनावर झालेला परिणाम दीर्घकाळ टिकला: हेडफोन डोक्यावर चढवून, आपली ओळखीची कॅसेट लावून, पाच मिनिटे ऐकून मग घेण्याची सवय इथे रुजलीच नाही. वस्तूची पारख तिच्यावरच्या नावावरून होत राहिली.

अमेरिकेत याच सुमारास परवडणाऱ्या किमतीतील दोन टिकाऊ उदाहरणे घडली आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. 1984 मध्ये कॉस कंपनीने आणलेल्या ‘पोर्टा प्रो’मध्ये कानशिलाच्या वर टेकणाऱ्या दोन लहान गाद्या आणि दाब कमी-जास्त करणारी एक सरकती कळ होती, दाबाचा काही भाग कानाच्या नाजूक पाळीवरून उचलून त्यावरील कवटीच्या हाडावर सोपवण्याची ही युक्ती इतकी नेमकी ठरली की ही रचना आजही जवळजवळ तशीच विकली जाते. याउलट न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे, ग्रामोफोनच्या सुयांसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्रॅडो या कौटुंबिक कारखान्याने 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात सुमारे 69 डॉलरना आणलेला ‘एसआर 60’ स्पष्ट, चैतन्यपूर्ण आवाजासाठी वाखाणला गेला, पण त्याचा खरखरीत फोम कानांना टोचतो ही तक्रारही त्याच्यासोबत कायम राहिली. आवाजाच्या बाबतीत ग्रॅडोचे पारडे जड मानणारे पुष्कळ आहेत. तथापि जो हेडफोन अर्ध्या तासाने काढून ठेवावासा वाटतो त्यावर एखाद्या रागाचा विलंबित ख्याल शेवटपर्यंत ऐकला जाणे कठीण, त्यामुळे कमी पैशांत एकच वस्तू घेणाऱ्यासाठी पोर्टा प्रोची वाट अधिक शहाणपणाची होती असे म्हणावे लागते.

ऑक्टोबर 2001 मध्ये आलेल्या आयपॉडने पांढरे इअरफोन प्रतिष्ठेची खूण बनवले आणि पुढील दशकभर बहुतेक लोकांनी हेडफोन म्हणून वेगळे काही विकत घेतलेच नाही. जे यंत्राबरोबर फुकट आले तेच कानात राहिले. भारतात खासगी एफएम केंद्रांचा प्रसार आणि रेडिओ असलेले स्वस्त मोबाइल फोन यांमुळे हे घडले, कारण इअरफोनची वायरच अशा फोनमध्ये एरियलचे काम करी. हे कडक प्लॅस्टिकचे इअरफोन कानाच्या पाळीत नुसते टेकून राहत, कानाचे दार बंद करीत नसत, त्यामुळे खर्ज नाही आणि बाहेरचा गोंगाट मात्र पुरेपूर, अशी स्थिती होई. मग लोकलच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवला जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी आठवड्याला 40 तासांपर्यंत 80 डेसिबल ही सुरक्षित श्रवणाची मर्यादा आहे, आणि डेसिबलचे माप असे आहे की दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित काळ त्याच प्रमाणात निम्मा होत जातो. गर्दीत ऐकणाऱ्याने आधी बाहेरचा आवाज अडवणारे साधन निवडावे, ही सूचना म्हणूनच केवळ सोयीची नाही. तिच्याशी श्रवणशक्तीचा प्रश्न जोडलेला आहे.

स्वस्त हेडफोनच्या आवाजात खरी क्रांती झाली ती मोजमापामुळे. कंप्रता म्हणजे एका सेकंदातील कंपनांची संख्या, आणि कोणत्या कंप्रतेचा ध्वनी हेडफोन किती जोराने देतो याचा आलेख म्हणजे त्याचा कंप्रता-प्रतिसाद. मानवी कानाची नळी सुमारे 3,000 हर्ट्‌झच्या आसपासचे ध्वनी स्वतःहून उचलून धरते. समोर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज या नैसर्गिक उठावासह ऐकू येतो, पण हेडफोन कानाशी जवळीक साधून ही घडण बदलतो, म्हणून तो उठाव त्याला स्वतःच्या आवाजात बेतून द्यावा लागतो. तो किती द्यावा यावर एकवाक्यता नव्हती. हार्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 पासून प्रसिद्ध केलेल्या संशोधनात श्रोत्यांना निरनिराळे आलेख डोळ्यांआड ऐकवून त्यांची पसंती नोंदवली, आणि चांगल्या खोलीतील चांगल्या स्पीकरसारखा वाटणारा आवाज बहुसंख्यांना आवडतो असे दाखवून एक लक्ष्यरेषा सुचवली. 2017 मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी 283 हेडफोनच्या मोजमापांचा अभ्यास करून किंमत आणि कंप्रता-प्रतिसाद यांत परस्परसंबंध आढळत नाही असा निष्कर्ष मांडला. मर्यादित पैसे असलेल्या ग्राहकाच्या बाजूने एवढे निःसंदिग्ध विधान क्वचितच झाले असेल.

या ज्ञानाचा सर्वाधिक लाभ चिनी उत्पादकांनी घेतला. लक्ष्यरेषा सर्वांसाठी खुली होती, कारखाने हाताशी होते, आणि कानाच्या नळीत रबरी टिपेसह बसणारे इअरफोन बनवण्यास साहित्य थोडे लागते; परिणामी 2022 मध्ये मूनड्रॉपचा ‘चू’ आणि सेव्हन हर्ट्‌झचा ‘सालनोट्स झीरो’ यांसारखे नग सुमारे 20 डॉलरमध्ये आले, ज्यांचा स्वरसमतोल पूर्वी अनेक पट किमतीतही सहज मिळत नसे. दोहोंपैकी ‘झीरो’ची वायर सुटी करून बदलता येते, ‘चू’ची येत नाही, आणि वायर जॅकपाशी किंवा कानापाशी तुटणे हे स्वस्त इअरफोनच्या मरणाचे नेहमीचे कारण असल्यामुळे हा फरक आवाजातील सूक्ष्म फरकाहून मोठा मानला पाहिजे. टिपेच्या मापाचेही तसेच आहे. खोक्यात येणाऱ्या लहान, मध्यम व मोठ्या टिपांपैकी योग्य ती न निवडल्यास खर्ज नाहीसा होतो, आणि दोष फुकाचा इअरफोनला दिला जातो.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओची सेवा सुरू होऊन मोबाइल डेटा स्वस्त झाला, त्याच सुमारास बोटसारख्या भारतीय कंपन्या पुढे आल्या, आणि हजार रुपयांच्या आतील हेडफोन ही सार्वत्रिक वस्तू बनली. या बाजाराने दणदणीत खर्जाला गुणवत्तेचे दुसरे नाव मानले. नृत्यसंगीतात तो आवडतोही. परंतु जोरकस खालचे ध्वनी त्यांच्या वरच्या हलक्या ध्वनींना झाकून टाकतात, हा श्रवणशास्त्रातील आच्छादनाचा परिणाम भारतीय अभिजात संगीताला फार महागात पडतो. तानपुऱ्याची जवारी वरच्या अनुनादी स्वरांच्या झळाळीत असते. फुगवलेल्या खर्जाखाली ती मंद गुणगुण होऊन राहते, डग्ग्याची मींड नुसता धक्का बनते आणि गायकाचे शब्द मागे सरकतात. मराठी श्रोत्याने हेडफोन पारखायचा तर तानपुरा, तबला आणि ओळखीचा मानवी आवाज असलेले ध्वनिमुद्रण मध्यम आवाजात ऐकून पाहणे हीच सर्वांत विश्वसनीय कसोटी होय, कारण जवारी, डग्गा आणि कंठ हे तिन्ही एकाच वेळी मोकळे ऐकू येणे हे समतोलाचे लक्षण आहे.

2020 च्या टाळेबंदीने आरामाचा प्रश्न अचानक घरोघरी आणला. ऑनलाइन शाळा आणि घरून काम यांमुळे मुलांच्या व मोठ्यांच्या डोक्यावर हेडफोन सहा-सात तास राहू लागला, आणि कानावर दाबून बसणाऱ्या लहान गाद्या व कानाला पूर्ण वेढणाऱ्या मोठ्या गाद्या यांतील फरक शरीराला कळू लागला. कानाला वेढणारी गादी जास्त सुखद, हे खरे. पण स्वस्त वर्गात ती बहुधा पॉलियुरेथेनच्या, म्हणजे सामान्य बोलीत रेक्झिनच्या, आवरणाची असते, जिच्यात घाम मुरत नाही आणि जिची रासायनिक बांधणी दमट हवेतील पाण्याच्या अंशाने हळूहळू तुटत जाते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या हवेत अशा गाद्यांची काळी साले गळ्यावर व कानामागे चिकटू लागतात ती यामुळे. कापडी किंवा मखमली गादी असलेला, अथवा निदान बदलती गादी सहज मिळणारा हेडफोन या किनाऱ्यासाठी अधिक योग्य, हा विचार उत्तर युरोपातील खरेदीदाराला सुचणार नाही, पण इथल्या खरेदीदाराने तो आवर्जून केला पाहिजे.

ॲपलने 2016 मध्ये आयफोनमधून जॅक काढून टाकला आणि इतर उत्पादकांनी तीच वाट धरली, तेव्हापासून बिनतारी हेडफोनचा काळ सुरू झाला. बाहेरच्या आवाजाला उलट्या लहरीने छेद देणारे गोंगाटनिवारण, जे अमर बोस यांच्या कंपनीने 1989 मध्ये प्रथम वैमानिकांसाठी विक्रीस आणले होते, ते आता दोन-तीन हजार रुपयांच्या इअरफोनमध्येही आढळते. सोय मोठी आहे. पण कानाएवढ्या त्या तुकड्यातील लिथियम बॅटरी वापरागणिक क्षीण होते, कवच चिकटवलेले असल्यामुळे ती बदलता येत नाही, आणि ज्याचा पडदा अजून वर्षानुवर्षे वाजला असता ते साधन दोन-तीन वर्षांत निकामी ठरते. त्याच किमतीतील वायरचा हेडफोन, आवश्यक तिथे लहानशा यूएसबी-सी जोडणीसह, आजही जास्त पैसे आवाजावर आणि कमी पैसे नाशवंत भागांवर खर्च करतो. युरोपीय संघाच्या 2023 च्या बॅटरीविषयक नियमाने 18 फेब्रुवारी 2027 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतील लहान बॅटऱ्या वापरणाऱ्याला काढता व बदलता याव्यात असे बंधन घातले असून, त्यास काही अपवाद ठेवले आहेत. एकाच साच्याचे नग अनेक देशांत विकणारे उत्पादक भारतातही तीच रचना देतील की जुनी चिकटवलेली कवचे इकडे पाठवतील, यावर पुढील दशकातील स्वस्त हेडफोनचे आयुष्य बऱ्याच अंशी अवलंबून राहील.