गवतकापणी यंत्राच्या बदली इंजिनाची तारजोडणी

फळबागेच्या दोन ओळींमध्ये गवत वाढू द्यावे आणि ते वरचेवर कापून तेथेच पसरू द्यावे, ही पद्धत काही बागाईतदारांनी स्वीकारली आहे. मोठ्या बागांत, तसेच शिक्षणसंस्थांच्या व क्रीडांगणांच्या आवारात या कामासाठी बसून चालविण्याचे गवतकापणी यंत्र वापरतात. यंत्राचा सांगाडा, चाके व पात्यांची पेटी पुष्कळ वर्षे टिकतात. इंजिन त्यामानाने लवकर झिजते. अशा वेळी सबंध यंत्र मोडीत न काढता दुसरे पेट्रोल इंजिन बसविणे किफायतीचे ठरते. बोल्टांची छिद्रे, दांड्याची जाडी व पट्ट्याची पुली जुळली की काम संपले असे कारागीर समजतो. वस्तुतः खरी अडचण येथून पुढे सुरू होते. जुन्या इंजिनातून निघणाऱ्या तारा आणि नव्यातून निघणाऱ्या तारा संख्येने जुळत नाहीत, रंगानेही जुळत नाहीत. मग अंदाजाने जोडणी करून चावी फिरविली जाते. स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. आणि तपासणीत नव्या इंजिनाची कॉइल जळालेली आढळते.

असे का होते हे समजण्यासाठी ठिणगी कोठून येते ते पाहावे. काही जुन्या इंजिनांत, उदाहरणार्थ अमेरिकेतील कोहलर कंपनीच्या के मालिकेतील अनेक इंजिनांत, मोटारीप्रमाणे बॅटरीचा प्रवाह कॉइलला दिला जाई. चावी लावली की कॉइलला १२ व्होल्ट मिळत व चावी काढली की ते तुटत. आजची लहान पेट्रोल इंजिने बहुतांशी मॅग्नेटो पद्धतीची असतात. त्यांच्या फ्लायव्हीलमध्ये बसविलेले लोहचुंबक कॉइलजवळून फिरतात आणि त्यातूनच ठिणगीपुरती वीज तयार होते. बॅटरीचा तिच्याशी काही संबंध नसतो. साहजिकच असे इंजिन बॅटरीचा प्रवाह तोडून बंद पडत नाही. त्यासाठी कॉइलपासून निघालेली एक बारीक तार सांगाड्याला जोडावी लागते, म्हणजे गॅरेजातील भाषेत ‘अर्थ’ करावी लागते. हिला आपण ‘बंदची तार’ म्हणू. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाचे इंजिन ज्यांनी खटक्याने बंद केले आहे, त्यांनी नकळत हेच केलेले असते.

दोन्ही पद्धती एकमेकींच्या अगदी उलट आहेत. बॅटरीच्या पद्धतीत कॉइल चालू म्हणजे तार जोडलेली. मॅग्नेटोत चालू म्हणजे तार सुटी. म्हणून बॅटरीच्या पद्धतीचा जुना खटका तसाच ठेवला, किंवा बाजारात सहज मिळतो म्हणून जीपच्या चावीचा खटका बसविला, तर चावी ‘चालू’वर येताच बंदच्या तारेत बॅटरीचे १२ व्होल्ट शिरतात. हल्लीच्या कॉइलमध्ये ट्रान्झिस्टरसारखे नाजूक भाग असतात. ते एवढ्याने निकामी होऊ शकतात. कॉइल दैवाने वाचलीच, तरी चावी काढल्यावर इंजिन थांबत नाही. पाती फिरत असलेल्या यंत्राच्या बाबतीत ही गोष्ट किती भयंकर आहे, हे सांगावयास नको.

तेव्हा मॅग्नेटो इंजिनासाठीच बनविलेला चावीचा खटका घ्यावा. त्याच्या मागील टोकांवर बहुधा रोमन अक्षरे असतात : बी म्हणजे बॅटरी, एस म्हणजे स्टार्टरचा सोलेनॉइड, एम म्हणजे मॅग्नेटो, जी म्हणजे अर्थ. अक्षरांच्या जागा खटक्यागणिक बदलतात, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. मल्टिमीटर लावून पाहावा. चावी ‘बंद’वर असता एम व जी परस्परांशी जोडलेले असावेत आणि ‘चालू’वर ते सुटे व्हावेत. बी व एस केवळ ‘स्टार्ट’वर जोडले जावेत. खटका यंत्रात बसविल्यानंतर, पण बंदची तार इंजिनाला जोडण्यापूर्वी, आणखी एक परीक्षा अवश्य घ्यावी. मल्टिमीटरचे एक टोक एमच्या तारेला व दुसरे सांगाड्याला लावून चावी तिन्ही जागी फिरवावी. कोठेही व्होल्ट दिसता कामा नयेत. दोन मिनिटांची ही तपासणी कॉइलची किंमत वाचविते.

इंजिन दोन सिलिंडरांचे असेल तर कॉइली दोन असतात, आणि त्यांच्या बंदच्या तारा डायोडमधून एकत्र आणलेल्या असू शकतात. तो भाग खराब झाल्यास त्या जागी साधी तार टाकू नये. डायोडवाचून जोडलेल्या कॉइली परस्परांच्या ठिणगीत अडथळा आणतात.

स्टार्टरची जाड तार बॅटरीच्या धन टोकापासून सोलेनॉइडला व तेथून स्टार्टरला जाते. सोलेनॉइडचे लहान टोक एकच असेल तर त्याची अर्थ त्याच्या पत्र्यातून मिळते. म्हणून बसविण्याच्या जागेचा रंग खरवडावा. दोन असतील तर एकाला चावीकडील तार व दुसऱ्याला अर्थ द्यावी. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाच्या धातूला जाणारी जाड तार. ती नसली किंवा गंजली असली की स्टार्टरचा प्रवाह परतीसाठी दुसरी वाट शोधतो आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल तापून तिचे वेष्टण वितळते. केबल वारंवार जळत असेल तर ती बदलण्याआधी ही तार पाहावी.

काही नव्या इंजिनांच्या कार्बोरेटरखाली पेट्रोल रोखणारा एक लहान सोलेनॉइड असतो. त्याला चावी ‘चालू’ व ‘स्टार्ट’ या दोन्ही जागी १२ व्होल्ट मिळाले पाहिजेत. जुन्या यंत्रात ही तारच नसते, म्हणून ती हमखास राहून जाते आणि कारागीर कार्बोरेटर उगाच खोलून बसतो.

बॅटरी भरण्याच्या तारांबाबत एवढेच की, फ्लायव्हीलखालील गुंडाळीतून निघणारा प्रवाह उलटसुलट वाहणारा असतो. तारेत डायोड नसेल तर तो रेग्युलेटरमार्फतच बॅटरीकडे न्यावा, थेट कधीही नाही. रेग्युलेटर वापरणाऱ्या इंजिनात, इंजिन वेगात असता बॅटरीच्या टोकांवर साधारणपणे १३.५ ते १४.७ व्होल्ट दिसावेत. बी टोकाला जाणाऱ्या तारेत यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या अँपियरचा फ्यूज घालावा.

आता सुरक्षेचे खटके. ते बैठकीखाली, क्लचच्या पायट्याजवळ व पाती जोडण्याच्या दांड्याजवळ असतात. क्लच दाबलेला आणि पाती सुटी असल्याखेरीज एसचा प्रवाह सोलेनॉइडपर्यंत पोचत नाही. पाती जोडलेली असता चालक बैठकीवरून उठला, तर बंदची तार अर्थ होऊन इंजिन थांबते. नवीन जोडणीत हे खटके अडचणीचे वाटतात आणि तारा परस्पर जोडून ते निकामी केले जातात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या गोष्टीस ठाम विरोध करावा. अमेरिकन मानकाप्रमाणे पात्याच्या टोकाचा वेग मिनिटास १९,००० फुटांपर्यंत असू शकतो; म्हणजे ताशी सुमारे ३५० किलोमीटर. चढावर बैठकीवरून घसरलेल्या माणसाचा पाय आणि ते पाते यांच्यामध्ये हा एक खटकाच उभा असतो. हाताने ढकलण्याच्या यंत्राची मूठ सोडताच पाते ३ सेकंदांत थांबले पाहिजे, असा नियम अमेरिकेने १९८२ साली लागू केला, तो अशाच अपघातांमुळे.

जोडणी पुरी झाल्यावर पात्यांचा पट्टा काढून ठेवावा, यंत्र सपाट व मोकळ्या जागी उभे करावे आणि चाकांना दगड लावावेत. इंजिन सुरू करून गिअर मोकळा ठेवावा, पात्यांचा दांडा जोडावा व सुकाणू धरूनच बैठकीवरून किंचित उठावे. इंजिन तत्काळ थांबले पाहिजे. न थांबल्यास पट्टा परत चढवू नये. आधी बैठकीखालील खटक्याच्या तारा तपासाव्यात. सर्व ठीक झाल्यानंतर कोणती तार कोठे गेली याचा साधा नकाशा काढावा, रंग लिहावेत व तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बैठकीच्या खालच्या बाजूस चिकटवावा. पुढील दुरुस्ती बहुधा दुसऱ्याच कारागिराच्या हाती पडते.