वेताळ

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर आम्हांस नाना वीरांचीं चित्रें चिकटविलेलीं दिसतात. तीं पाहून आम्ही रागावत नाहीं, याचा कांहीं पालकांस अचंबा वाटतो. कारण एवढेंच कीं, आमच्या लहानपणींही असा एक वीर होता. त्याचें नांव वेताळ.

हा वेताळ मूळचा इकडचा नव्हे. ली फॉक या अमेरिकन लेखकानें १९३६ सालीं वर्तमानपत्रांतील चित्रमालिकेंत त्यास जन्म दिला. तिकडे तो फँटम. १९६४ सालीं टाइम्स ऑफ इंडियाच्या मालकांनीं 'इंद्रजाल कॉमिक्स' हीं रंगीत चित्रपुस्तकें काढण्यास आरंभ केला. तीं मराठींतही निघत, व त्यांत फँटमचा वेताळ झाला. हें नांव ज्यानें योजिलें तो मोठा चतुर म्हटला पाहिजे! कोंकणांत वेताळ रात्रीं शिवेवरून फिरून गांव राखतो, असें लोक सांगत आले आहेत. त्यामुळें नांव कानीं पडतांच अर्धी गोष्ट मुलाच्या मनांत आधींच तयार असे. भीति वाटे ती निराळीच.

गोष्ट अशी. १५३६ सालीं समुद्रावर चांच्यांनीं एका तरुणाच्या बापास ठार केलें. वांचून किनाऱ्यास लागलेल्या त्या तरुणानें मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतली कीं, आपण व आपले वंशज चांचेगिरी आणि अन्याय यांशीं झगडत राहूं. तो मेल्यावर त्याच्या मुलानें तोच मुखवटा चढविला. पुढें त्याच्या मुलानें. जंगलांतील लोकांस वाटे, हा चारशें वर्षें जिवंत आहे. वाचकांस मात्र ठाऊक असे कीं, हा एकविसावा. त्यास उडतां येत नसे. गोळी लागली तर रक्त निघे. त्याचें अमरपण देहांत नव्हतें. तें त्या शपथेंत होतें, आणि कवटीच्या गुहेंतील जाडजूड वह्यांत, जेथें प्रत्येक वेताळ आपली हकीकत लिहून ठेवी.

आम्हांस तेव्हां हें कोठलें उमगायला! आमचें घर कल्याणास, वालधुनी नदीच्या बाजूस. वडील लोकलनें ठाण्यास कामावर जात. पगाराच्या दिवशीं त्यांच्या डब्याच्या पिशवींतून घडी घातलेला अंक निघे. "अभ्यास झाल्यावांचून हात लावायचा नाहीं," असें ते दरडावीत. परंतु पानावर भाजीच्या तेलाचा ताजा डाग असे, आणि आई तोंडास पदर लावून हंसे. १९९० सालीं अंक निघावयाचे थांबले. मग आम्ही डोंबिवलीच्या रद्दीवाल्यांकडून जुने अंक शोधून आणूं लागलों, व पत्र्याची एक ट्रंक भरली.

२६ जुलै २००५ रोजीं पुराचें पाणी घरांत शिरलें. माणसें वरच्या मजल्यावर गेलीं, ट्रंक खालींच राहिली. पाणी ओसरल्यावर उघडून पाहतों तों आंत चिखल आणि लगदा. "बाबा, टाकून द्या. आतां हें कोण वाचणार?" असें आम्हीं म्हटलें. वडील कांहीं बोलले नाहींत. दोन दिवस ते दोरीवर एकेक पान वाळत घालीत बसले होते. अकरा अंक वांचले.

वडील आतां नाहींत. अंक आमच्या कपाटांत आहेत. आमच्या चिरंजीवांचा वीर छोटा भीम. वेताळाचें त्यांस विशेष कौतुक नाहीं. गेल्या दिवाळींत मात्र त्यांनीं एक अंक उघडला, बराच वेळ पाहिला, आणि विचारलें, "बाबा, हे डाग पुराच्या पाण्याचे, तें कळलें. पण हा कसला?"